घरून तिकीट काढू नका, कार्ड घ्या
पोर्तुगालमध्ये लिस्बनहून जवळच्या सिंट्रा गावाला जायची लोकलची तिकिटं मडगावात बसूनच काढावीत का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात गरज नाही. आम्ही लिस्बनच्या रोसिऊ स्टेशनवरच्या मशीनमधून नावेगांते नावाचं प्रवासाचं कार्ड घेतलं. कार्डाचा अर्धा युरो, मग त्यात हवे तेवढे पैसे भरायचे. याला तिथे झॅपिंग म्हणतात. तेच मेट्रोला, ट्रामला, बसलाही चालतं. पण माणशी एक कार्ड हवंच! आईबाबांची वेगळी घ्या. आणि कार्ड लावल्यावर उघडणारं प्रवेशाचं फाटक नसलेल्या स्टेशनवर चढण्याआधी यंत्राला कार्ड टेकवायला विसरू नका. आमच्या आत्याचं राहिलं, दंड भरताना बिचारीचा चेहरा एवढासा झाला. मला अजून वाईट वाटतं. पुढे इटलीला जाणार असाल तर तिथेही प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर आधी यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो.