दादाच्या वाढदिवसासाठी डब्ल्यूडब्ल्यूएफची एक जुनी मॅच शोधून हवी आहे (रविवारच्या आत)

सायली_घाटकोपर
नमस्कार. रविवारी दादाचा पंचेचाळिसावा वाढदिवस आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये घरगुती कार्यक्रम ठेवलाय आणि तिथल्या टीव्हीवर मला त्याची लहानपणची सगळ्यात आवडती मॅच लावायची आहे. दोन भावांची मॅच. तिच्याबद्दल तो अजूनही बोलतो, पण आता त्यालाच विचारलं तर सरप्राइज फुटेल. यूट्यूबवर भावांची फाइट म्हणून टाकलं की भलतंच काहीतरी येतं. ऑफिस सांभाळून हे सगळं चाललंय, त्यामुळे थेट मॅच सांगा आणि डाउनलोड कशी करायची तेही सांगा. प्लीज लवकर.

अंधेरीकर_९०
कोणते भाऊ ते सांगा ना. अंडरटेकर आणि केन असतील तर रेसलमेनिया १४ (रेसलमेनिया म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), साल १९९८. ते कथेतले भाऊ, खरे नाहीत. मॅट आणि जेफ हार्डी खरे भाऊ, त्यांची रेसलमेनिया २५ ला झाली, २००९ मध्ये. उसो जुळे २०२४ च्या रेसलमेनियात एकमेकांसमोर आले. साल सांगा, लगेच सांगतो.

सायली_घाटकोपर
अंडरटेकर नाही हो, तो मलाही माहीत आहे. जुनी म्हणजे केबल नवीन आली तेव्हाची. आम्ही तेव्हा परळला चाळीत राहायचो.

बंडूकाका
भाऊ-भाऊ म्हटलं की दारासिंग आणि रंधावा. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइलचे सामने लागायचे. वडील आम्हाला घेऊन जायचे. दारासिंगने १९६८ मध्ये इथे मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझ या पैलवानाला हरवलं. किंगकाँग या पैलवानाचं नाव काढलं की आम्ही पोरं आईच्या पाठीमागे लपायचो, इतका त्याचा दरारा. आजच्या पोरांना दारासिंग म्हणजे फक्त 'रामायण'मधला हनुमान वाटतो, याचं मला फार वाईट वाटतं. ताई, दादाला त्यांच्या लढती दाखवा.

सायली_घाटकोपर
काका, दादाचा जन्मच ऐंशी सालानंतरचा आहे. मी डब्ल्यूडब्ल्यूएफ लिहिलंय.

लालमातीवाला
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हा पैसा आणि वेळ त्या नाटकावर घालवण्यापेक्षा दादांना एकदा कोल्हापूरला खासबागेत घेऊन जा. शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान आहे, खोलगट, शेवटच्या माणसालाही आखाडा दिसतो. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या नावाने किती वाढदिवस साजरे होतात? धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे डाव समोरून बघितले की टीव्हीवरची ती आरडाओरड विसरायला होईल.

चाळकरी
लालमातीवाले, दोन्ही आवडू शकतं की. माझे आजोबा लालबागच्या तालमीत जायचे आणि संध्याकाळी माझ्याबरोबर बसून ब्रेट हार्ट बघायचे. त्याने पायाला पेच घातला की खुर्चीतून उठून "अरे धरून ठेव, सोडू नको" म्हणून ओरडायचे. त्यांना तो खरा पैलवान वाटायचा. निकाल आधी ठरलेला असतो हे सांगितल्यावरही वाटायचा.

रिंगसाइड
सायली, पाच गोष्टी सांगा. १) कपड्यांचा रंग. २) पिंजरा होता का? ३) मोठा जिंकला की धाकटा? ४) चॅम्पियनच्या पट्ट्यासाठी होती का? ५) नावातलं एखादं अक्षर तरी आठवतंय का? तुम्ही इतकं मोघम विचारलंय की अख्ख्या कुस्तीजगतातले भाऊ इथे येऊन जातील. स्टायनर भाऊ यायचेत अजून.

मृण्मयी_के
केकचं ठरलंय का? माझ्या नवऱ्यासाठी मी चॅम्पियनशिपच्या पट्ट्याचा फोटो केक करून घेतला होता, सोनेरी फाँडंटचा. आणि क्रॉफर्ड मार्केटला खेळण्यांच्या दुकानांत प्लास्टिकचे पट्टे मिळतात, मुलांना वाटायला छान. शनिवारी मात्र जाऊ नका, गर्दीत जीव जातो.

सायली_घाटकोपर
केक आधीच सांगून झालाय. रिंगसाइड, रंग गुलाबी आणि काळा, एवढं नक्की. दादाकडे पैलवानांची कार्डं होती, शाळेबाहेर मिळायची ती. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला, किती जिंकला असं छापलेलं. गठ्ठा रबर बँड लावून श्रीखंडाच्या डब्यात असायचा आणि सगळ्यात वर तो गुलाबीवाला. लांब ओले केस, चंदेरी गॉगल. तो पत्ता खेळताना दादा कधीच टाकायचा नाही, हरायची वेळ आली तरी. पिंजऱ्याचं माहीत नाही.

अंधेरीकर_९०
अहो ब्रेट हार्ट! हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ना.

चाळकरी
ब्रेट आणि त्याचा धाकटा भाऊ ओवेन! मग पिंजऱ्याचीच असणार, प्रश्नच नाही. समरस्लॅम १९९४ (उन्हाळ्यातला मोठा कार्यक्रम), शिकागो. अर्ध्या तासाहून जास्त चालली. बाहेर पडेल तो जिंकला एवढाच नियम. शेवटी ओवेनचे पाय जाळीत अडकतात, तो उलटा लोंबकळतो आणि ब्रेट खाली उतरतो. आमच्या मजल्यावर एकाच घरी केबल होती. दारात, खिडकीत, जिन्यावर पोरं. तीच लावा.

रिंगसाइड
थांबा, घाई नको. १९९४ मध्ये हार्ट भावांच्या दोन मोठ्या मॅच झाल्या. २० मार्चला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया १० आणि २९ ऑगस्टला चाळकरी म्हणतात ती. पहिलीत धाकटा जिंकला, दुसरीत मोठा. सायली, घरात कोणाला तरी विचारा: दादा जिंकणारा कोण म्हणतो?

चाळकरी
विचारायचं काय त्यात? पिंजऱ्याची मॅच सरस आहेच. एकदाही रटाळ होत नाही. रक्त नाही, खुर्च्या नाहीत, दोन माणसं आणि एक जाळी.

सायली_घाटकोपर
वहिनीला विचारलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तिने एकच वाक्य ऐकलंय: "धाकट्याने मोठ्याला हरवलं आणि त्याच रात्री मोठा चॅम्पियन झाला." आता सांगा.

रिंगसाइड
रेसलमेनिया १०. शंकाच नाही. आणि तुमच्या दादाला खरंच कुस्तीची जाण आहे, कारण त्या वर्षातलं सगळ्यात उत्तम काम ते एका वाक्यात आलंय.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे हॉलमध्ये ज्यांना काहीच माहीत नाही त्यांना तुम्हाला सांगता येईल. कॅनडात कॅलगरीचं हार्ट घराणं. वडील स्टू हार्ट स्वतः पैलवान आणि वस्ताद, घराच्या तळघरातच तालीम. तिला 'डंजन' म्हणायचे. ब्रेट मोठा, नावारूपाला आलेला. ओवेन सगळ्यात धाकटा, कायम त्याच्या सावलीत. १९९३ च्या सर्व्हायव्हर सिरीज या कार्यक्रमात चार हार्ट भाऊ एका संघात लढले आणि बाद झाला एकटा ओवेन, तोही ब्रेटशी टक्कर होऊन. तिथे ठिणगी पडली. पुढे जानेवारीत रॉयल रंबल या कार्यक्रमात त्याने जखमी ब्रेटच्या पायावरच लाथ घातली.

मग रेसलमेनिया. पहिलीच मॅच भावाभावांची. सुमारे वीस मिनिटं. सुरुवातीला ओवेन प्रत्येक पकड सोडवली की हात वर करून जिंकल्यासारखा नाचतो, ते नीट बघा. एवढ्यातेवढ्यात त्याला भावावर मात केल्याचा आनंद होतो. ब्रेट मारायला तयार नसतो, धाकटा आहे म्हणून. हळूहळू त्याचाही संयम सुटतो. शेवटी ब्रेट ओवेनच्या खांद्यावर चढून त्याला गुंडाळायला जातो, ओवेन वेळ साधून खाली बसतो आणि ब्रेटचेच खांदे मॅटला लागतात. पंचाने तीन मोजेपर्यंत खांदे मॅटवरच राहिले की हार. एक, दोन, तीन. कोणी मध्ये पडलं नाही, फसवाफसवी नाही. धाकटा सरळ जिंकला.

आणि त्याच रात्री शेवटच्या मॅचमध्ये ब्रेटने तेव्हाचा चॅम्पियन योकोझुना याला हरवून पट्टा जिंकला. बाकीचे पैलवान रिंगमध्ये येऊन त्याला खांद्यावर घेतात आणि ओवेन वाटेवर उभा राहून बघतो. मी त्याला हरवलं, मग पट्टा त्याच्याकडे कसा? हा प्रश्न त्याच्या नुसत्या चेहऱ्यावर दिसतो. एक शब्द बोलत नाही तो. पुढचे पाच महिने त्या एका नजरेवर चालले, म्हणून तर पिंजऱ्याची मॅच इतकी रंगली. चाळकरी, तुमची मॅच या मॅचच्या पोटी जन्मली आहे.

आजकाल मला हेच मिळत नाही. भांडण सोमवारी सुरू होतं, महिन्यात मॅच होते, पुढच्या महिन्यात दुसरं भांडण. उड्या जास्त, कोलांट्या जास्त, पण प्रत्येक मोठा डाव मारून झाला तरी समोरचा दोनवर खांदा उचलतो. त्या डावाची किंमतच राहत नाही. ब्रेटने शार्पशूटर, म्हणजे त्याचा तो पायाचा पेच, लावला की आम्हाला कळायचं, आता संपलं.

अंधेरीकर_९०
हे मान्य नाही. ब्लडलाइनची, म्हणजे रोमन रेन्स आणि त्याच्या घराण्याच्या टोळीची, गोष्ट बघितलीत का? रोमन रेन्सकडे पट्टा १,३१६ दिवस होता. अख्खं घराणं, चुलत भाऊ, कोण कोणाला फोडतो, सामी झेन मध्ये कसा अडकतो. वर्षानुवर्षं चाललं ते आणि २०२४ ला कोडी रोड्सने संपवलं. तुमच्या काळातही योकोझुनाची प्रत्येक मॅच काय पाहण्यासारखी होती? आणि आजचा पैलवान गुंथर बघा. एक छातीवरची चापट मारतो, हॉल शांत होतो. जुनं तेवढं सोनं हे मला पटत नाही.

रिंगसाइड
ब्लडलाइन मला आवडली, कारण ती जुन्या पद्धतीने, सावकाश सांगितली. गुंथरचंही तेच. म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

अंधेरीकर_९०
नाही. मी म्हणतोय की चांगलं तेव्हाही थोडंच होतं आणि आताही थोडंच आहे. तुम्हाला तेव्हाचं फक्त चांगलं तेवढंच आठवतंय. डोक्यावर खुर्च्या हाणायचे, तेही जुन्या काळातच. आता ते बंद केलंय ही चांगलीच गोष्ट आहे.

मृण्मयी_के
हॉलमध्ये लहान मुलं असतील ना? या मॅचमध्ये रक्तबिक्त नाही ना?

रिंगसाइड
अजिबात नाही. दोन भाऊ कुस्ती खेळतात एवढंच. निर्धास्त लावा.

लालमातीवाला
ठरवून पडणं म्हणजे कुस्ती नव्हे, हे माझं मत कायम आहे.

चाळकरी
ठरवून पडलं तरी पाठ खरी असते आणि जमीनही खरी असते. १९९८ मध्ये मिक फोली हा पैलवान पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर कोसळला, ते काय कापसावर? आणि ओवेन १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत एंट्री करताना उंचावरून पडून गेला. चौतीस वर्षांचा होता. निकाल ठरलेला असतो, इजा ठरलेली नसते. या लोकांना खोटं म्हटलेलं मला सहन होत नाही.

लालमातीवाला
ओवेनचं माहीत नव्हतं. कोणाच्याही पोराच्या बाबतीत असं होऊ नये. मी खेळाबद्दल बोलत होतो, माणसांबद्दल नाही.

सायली_घाटकोपर
मॅच कळली, खूप आभार. पण डाउनलोडचं कोणीच सांगितलं नाही!! आज शुक्रवार आहे. पेनड्राइव्हवर घेता येईल का?

अंधेरीकर_९०
नेटफ्लिक्स घ्या. एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई (डब्ल्यूडब्ल्यूएफचं आताचं नाव) तिथेच आहे.

चाळकरी
एका मॅचसाठी महिन्याचे पैसे कशाला? यूट्यूबवर डब्ल्यूडब्ल्यूईचं स्वतःचं चॅनल आहे, शिवाय जुन्या गोष्टींसाठी डब्ल्यूडब्ल्यूई व्हॉल्ट आहे. ब्रेट हार्ट, ओवेन हार्ट, रेसलमेनिया टेन, फुल मॅच असं टाका.

रिंगसाइड
पेनड्राइव्हचा नाद सोडा. यूट्यूब प्रीमियम असेल तर ॲपमध्ये ऑफलाइन ठेवता येतं, पण ती फाइल बाहेर काढून पेनड्राइव्हवर नेता येत नाही. भलत्यासलत्या साइटवरून उतरवू नका, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आणखीच नको. हॉलमध्ये वायफाय आहे का? टीव्ही स्मार्ट आहे का? लॅपटॉपला एचडीएमआय आहे का?

सायली_घाटकोपर
टीव्ही जुना आहे, वायफाय नाही. लॅपटॉप माझा स्वतःचा आहे, एचडीएमआय आहे.

रिंगसाइड
मग झालंच. एचडीएमआय केबल लांब घ्या, हॉलमध्ये प्लग टीव्हीच्या विरुद्ध भिंतीला असतो हा माझा अनुभव आहे. नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून. उद्या एकदा हॉलमध्येच लावून बघा, तळमजल्याला रेंज मिळते का ते कळेल. आवाज टीव्हीतून येत नसेल तर लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही निवडा.

बंडूकाका
ताई, जमलं तर दारासिंगचीही पाच मिनिटं लावा. हॉलमध्ये माझ्या वयाचं कोणीतरी असेलच.

सायली_घाटकोपर
हॉलमध्ये जाऊन बघितलं. मॅच सापडली, चालतेय, आवाजही येतोय. प्लग खरंच विरुद्ध भिंतीला होता, दहा मीटरची केबल आणली. काका, बाबांना विचारलं, त्यांना दारासिंग हवेच आहेत, केक कापायच्या आधी लावते. फक्त जेवणाआधी अर्धा तासच मिळतोय. ब्रेट-ओवेन पूर्ण लावू की थोडी कापू?

रिंगसाइड
ओवेनची मॅच अजिबात कापू नका. योकोझुनाची शेवटची दोन मिनिटं आणि त्यानंतरचा जल्लोष लावा, ओवेन दिसेपर्यंत. अर्ध्या तासात आरामात बसतं.

चाळकरी
आणि जेवणानंतर पिंजऱ्याची. पाहुणे थांबतील, मी लिहून देतो.

सायली_घाटकोपर
हॉल दहाला बंद होतो. पिंजऱ्याची दादा घरी बघेल, लिंक त्याला रात्री पाठवते.