अनुभव धागा : डेक, गच्ची, खळे आणि पाण्याची वाट

घराबाहेरही बैठकीची खोली मांडण्याची हौस सध्या वाढली आहे : लाकडी डेक (उघड्यावरचा फळ्यांचा चौथरा), पर्गोला (वर नुसत्या पट्ट्या असलेला मांडव), मंद पिवळे दिवे, कुंड्यांची भिंत. छायाचित्रांत हे सारे देखणे दिसते. पण पहिल्या पावसाळ्यानंतर किंवा हिवाळ्यानंतर त्याचे काय झाले, हे ज्यांनी बांधून पाहिले त्यांनीच येथे लिहावे. सुरुवात मी करतो.

पुणे : आम्ही गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यावर (पाणी झिरपू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या, एकमेकींत अडकणाऱ्या फरश्या अंथरल्या. त्यांच्या खालच्या जाळीतून पाणी वाहते हे खरे. पण त्याच जाळीत माती आणि पाने साचून जुलैत पावसाच्या नळाचे तोंड बुजले आणि खालच्या खोलीच्या छताला ओल आली. आता तोंडाजवळच्या चार फरश्या सुट्याच ठेवतो. फूटभर मातीचा वाफाही करायचा होता, परंतु अभियंत्याने हिशेब मांडला की वापरातल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार गृहीत धरतात आणि एवढी ओली माती 500 किलोच्या घरात जाते. वाफा तिथेच बारगळला.

न्यू जर्सी : येथे जमीन तीनेक फूट खोल गोठेल असे धरून डेकच्या खांबांचे पाये त्याखाली न्यावे लागतात, नाहीतर थंडीत फुगलेली माती अख्खा डेक उचलते. आमचा ठेकेदार दोन फुटांवरच थांबला होता, ते पाहणीत उघडकीस आले आणि पुन्हा खणावे लागले. लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळ्यांना दर एक-दोन वर्षांनी लेप द्यावा लागत नाही, हे सुख आहे; मात्र आम्ही हौसेने निवडलेल्या गडद रंगावर उन्हाळ्यात अनवाणी पाऊल ठेववत नाही.

नागपूर : मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून बाज टाकली, की आमचा डेक तयार!

रत्नागिरीजवळ : पाऊस सरला की खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, चोपून सारवायचे, पोफळीच्या खांबांवर झावळ्यांचा मांडव घालायचा आणि मृगाआधी तो उतरवायचा, अशी आमची रीत होती. भावाने तेथे सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले, तेव्हा पूर्वी जिरणारे पाणी पडवीत शिरले. आता ठोकळे काढून जांभ्याचे चिरे बसवले आहेत आणि सांध्यांत केवळ वाळू भरली आहे.

पुणे : चिऱ्यांवर शेवाळ धरत नाही का?

रत्नागिरीजवळ : धरते. श्रावणात दर आठवड्याला खराट्याने घासतो, तरी वडिलांना काठी घेतल्याशिवाय तेथे उतरू देत नाही.