कॅसिलासला रिअल माद्रिदच्या संघातून बाहेर जावे लागले, ते उंचीमुळे का?

प्रतापनगरकर (प्रश्न)

नमस्कार. माझा भाचा पंधरा वर्षांचा असून नागपुरातील एका क्लबच्या कुमार संघात गोलरक्षक आहे. त्याचे हात चपळ आहेत, पण उंची बेताची आहे, आणि मागील संघनिवडीच्या वेळी ‘कॉर्नरला हा मुलगा कामाचा नाही’ असे त्याला तोंडावर सांगण्यात आले. त्याला धीर यावा म्हणून मी स्पेनच्या इकेर कॅसिलासचे उदाहरण दिले, तर त्याने मलाच विचारले की, ‘मामा, त्यालाही शेवटी उंच गोलरक्षकासाठीच बाकावर बसवले ना?’ २०१३ साली माद्रिदने डिएगो लोपेझला आणले आणि कॅसिलासची हक्काची जागा गेली, एवढे मला ठाऊक आहे. मात्र त्यामागचे खरे कारण उंची होते, खेळण्याची पद्धत होती की प्रशिक्षकाची मर्जी, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

कामठीचा जुना बॅक

प्रतापनगरकर साहेब, आपल्या भाच्याचा प्रश्न चोख आहे, परंतु त्याचे उत्तर २०१३ पासून सुरू करून चालणार नाही. कॅसिलासच्या कारकिर्दीत दुसऱ्याच्या दुखापतीने उघडलेली दारे इतकी आहेत की, त्याला बाकावर बसवणारी घटना त्याच मालिकेतली वाटू लागते. माद्रिदजवळच्या मोस्तोलेस या गावचा हा मुलगा नवव्या वर्षी रिअल माद्रिदच्या बालसंघात आला. १९९७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मोठ्या संघाला गोलरक्षक कमी पडला म्हणून त्याला शाळेतून बोलावून रोसेनबोर्ग या क्लबविरुद्धच्या सामन्यासाठी नॉर्वेला नेण्यात आले. तेथे तो खेळला नाही. पहिला सामना मिळाला तो सप्टेंबर १९९९ मध्ये अॅथलेटिक बिल्बाओच्या मैदानावर, कारण नेहमीचा गोलरक्षक बोडो इल्गनर जायबंदी होता. पुढच्याच मे महिन्यात, एकोणिसावा वाढदिवस होऊन चार दिवस झाले असताना, त्याने व्हॅलेन्सियाविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना खेळला आणि माद्रिदने तो ३-० असा जिंकला.

येथवरची कथा सर्वांना पाठ असते, पण यानंतरचा भाग भाच्याला अवश्य सांगा. २००१-०२ च्या मोसमात त्याची जागा सेझार सांचेझने घेतली आणि ग्लासगोतील अंतिम सामन्यात कॅसिलास बाकावर होता. दुसऱ्या सत्रात सेझारला दुखापत झाली, हा विशीतला मुलगा मैदानात उतरला आणि बायर लेव्हरकुसेनने शेवटच्या मिनिटांत केलेले एकामागून एक हल्ले त्याने परतवून लावले. अंगठ्याने, गुडघ्याने, बुटाने, जे पुढे येईल त्याने त्याने चेंडू अडवले, आणि माद्रिद २-१ असे जिंकले. त्याच उन्हाळ्यात विश्वचषकासाठी स्पेनचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक कॅनिझारेस होता. हॉटेलात सुगंधी द्रव्याची काचेची बाटली पायावर पडून त्याचा स्नायुबंध कापला गेला आणि जागा कॅसिलासकडे आली. आयर्लंडविरुद्ध त्याने सामन्यात एक आणि टायब्रेकरमध्ये दोन पेनल्टी अडवल्या.

आता मुद्द्यावर येतो. उंचीने तो सहा फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे उंच म्हणावा असा, पण त्याच्या बरोबरीचा गोलरक्षक पेत्र चेक १९६ सेंटिमीटरचा होता. कॅसिलासचा सारा खेळ गोलरेषेवर उभा होता. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर उंच मारलेला चेंडू, आला की पुढे धावून तो हवेत टिपण्यापेक्षा, रेषेवर थांबून हेडर अडवण्याचा भरवसा तो स्वतःच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर ठेवत असे, आणि पंधरा वर्षे हा भरवसा बहुधा खरा ठरला. ज्याचे हात एवढे वेगवान, त्याला पुढे येण्याची सवय लागतच नाही, हे मी आमच्या कामठीच्या मैदानांवरही पाहिले आहे. म्हणून दोष द्यायचाच असेल, तर उंचीपेक्षा या सवयीला द्यावा, असे माझे मत आहे.

धंतोलीचा प्रेक्षक

जुन्या बॅक साहेबांनी सवयीवर बोट ठेवले, ते योग्यच आहे, परंतु तेव्हाचा प्रशिक्षक मोरिन्हो याला इतक्या सहज सोडून देता येणार नाही. २२ डिसेंबर २०१२ रोजी मालागाविरुद्ध त्याने संघाच्या कर्णधाराला, म्हणजे कॅसिलासला, बसवून राखीव गोलरक्षक अँटोनिओ अदानला खेळवले, आणि माद्रिद तो सामना ३-२ असा हरले. दोन आठवड्यांनी, रिअल सोसिएदादविरुद्ध, अदानला सुरुवातीच्या मिनिटांतच लाल कार्ड मिळाले आणि कॅसिलासलाच मैदानात पाठवावे लागले. तोवर डिएगो लोपेझ संघात आलेलाही नव्हता. जानेवारीच्या अखेरीस व्हॅलेन्सियाविरुद्धच्या सामन्यात स्वतःच्याच संघातील अर्बेलोआचा पाय लागून कॅसिलासच्या हाताचे हाड मोडले आणि त्यानंतर सेव्हियाहून लोपेझला तातडीने आणण्यात आले. म्हणजे उंच गोलरक्षक आला म्हणून कॅसिलास बसला, हा क्रमच उलटा आहे.

फूटबॉल शिकवणारा, हिंगणा रोड

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मुलांना गोलरक्षण शिकवणे हाच माझा रोजचा उद्योग असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

उंचीचा सिद्धांत एका नावाने कोसळतो, ते नाव म्हणजे केयलर नवास. लोपेझ १९६ सेंटिमीटरचा होता आणि क्रॉसवर तो अधिक भरवशाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. मोरिन्होनंतर आलेला प्रशिक्षक अन्सेलोटी याने २०१३-१४ मध्ये लीगचे सामने त्याला व चॅम्पियन्स लीग आणि राजाचा चषक (कोपा देल रे) कॅसिलासला अशी वाटणीही केली. परंतु पुढच्याच उन्हाळ्यात माद्रिदने लेव्हान्तेहून नवासला घेतले आणि जायची पाळी लोपेझवर आली. तो मिलानला गेला. नवासची उंची जवळजवळ कॅसिलासएवढीच आहे, आणि तरीही २०१६ ते २०१८ असे सलग तीन चॅम्पियन्स लीग माद्रिदने त्यालाच गोलमध्ये ठेवून जिंकले. उंची हाच निकष असता, तर क्लबने हा व्यवहार केलाच नसता.

कॅसिलासची अडचण पाहायची असेल, तर मे २०१४ चा लिस्बनमधील अंतिम सामना पाहावा. अॅटलेटिको माद्रिदच्या कॉर्नरनंतर चेंडू पुन्हा हवेत आला, कॅसिलास पुढे निघाला, अर्ध्या वाटेत थबकला, मागे सरकू लागला आणि अॅटलेटिकोच्या गोदिनचे हेडर त्याच्या डोक्यावरून आत गेले. पूर्ण पुढे गेला असता तर चेंडू बुक्कीने उडवता आला असता, रेषेवर थांबला असता तर तो सहज हाती आला असता. मधल्या जागेत सापडलेल्या गोलरक्षकाला सात फूट उंचीही वाचवू शकत नाही. रामोसने ९३ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि माद्रिद जादा वेळेत ४-१ असे जिंकले, म्हणून ती चूक झाकली गेली. त्याच वर्षी विश्वचषकात नेदरलँड्सने स्पेनला ५-१ असे हरवले, तेव्हा मात्र काहीच झाकले गेले नाही.

याउलट २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा रॉबेन एकटाच समोर आला, तेव्हा कॅसिलासने घाई केली नाही. त्याचे शरीर एका बाजूला झुकले होते, चेंडू दुसऱ्या बाजूने निघाला होता आणि मागे राहिलेल्या उजव्या बुटाच्या टोकाने तो बाहेर गेला. काही जण याला नशीब म्हणतात. मी म्हणत नाही, कारण शेवटच्या क्षणापर्यंत तो पाय जमिनीजवळ ठेवणे ही शिकलेली गोष्ट असते. उपांत्यपूर्व फेरीत पॅराग्वेच्या कार्दोसोची पेनल्टी त्याने झेलली, तीही राखीव गोलरक्षक पेपे रेइनाने सांगितलेल्या माहितीच्या आधारे. त्या स्पर्धेत स्पेनवर एकूण दोनच गोल झाले.

प्रतापनगरकर, भाच्याला क्रॉससाठी पुढे यायला शिकवायचे असेल, तर ते आत्ता, पावसाळ्यात मैदान मऊ असताना शिकवा. उन्हाळ्यात आपल्याकडच्या मुरमाड जमिनीवर एकदा कोपर आणि कंबर सोलून निघाली की, पोरगा उडी घ्यायलाच कचरतो, रेषेला चिकटतो आणि ती सवय पुढे सुटत नाही.

प्रतापनगरकर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. एक शंका उरते. माद्रिद सोडल्यानंतर पोर्तोला गेलेला कॅसिलास खेळाडू म्हणून संपलेला होता, असे बरेच जण म्हणतात, ते कितपत खरे आहे?

कामठीचा जुना बॅक

मला ते मुळीच पटत नाही. जुलै २०१५ मध्ये माद्रिदसाठी ७२५ सामने खेळून तो निघाला, आणि निरोपाच्या पत्रकार परिषदेत एकटाच बसून रडला, हे दृश्य इतके पसरले की, पुढची वर्षे लोकांनी पाहिलीच नाहीत. पोर्तोबरोबर त्याने २०१७-१८ ची पोर्तुगीज लीग जिंकली, आणि त्या मोसमातही मधले काही महिने प्रशिक्षकाने त्याला बसवले होते. त्याने जागा परत मिळवली. स्पेनच्या संघातली त्याची जागा डे हेआकडे गेली होती, आणि १६७ आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. पोर्तोत मात्र तो अडतिसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले असताना पहिल्या पसंतीचा गोलरक्षक होता, आणि १ मे २०१९ रोजी सरावाच्या वेळी आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा खेळ थांबवला. त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही. निवृत्ती त्याने ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर केली.