अनुभव धागा: घराबाहेरचा प्लग पॉईंट, पाऊस आणि झिणझिण्या

मंडळी, कोल्हापुरात फुलेवाडीत आमचं जुनं बैठं घर आहे, गेटजवळच्या भिंतीवर एक प्लग पॉईंट आहे. आजवर गाडी धुवायचा पंप आणि दिवाळीत आकाशकंदील, एवढंच त्याला काम. आता बॅटरीची स्कूटर घेतलीय तर रोज रात्री चार-पाच तास चार्जिंग तिथंच. परवा जोराची सर येऊन गेली आणि सकाळी बटणाला हात लावला तर बारीक झिणझिणी आली, बायको म्हणते भास होतोय तुम्हाला. वायरमन म्हणाला "प्लास्टिकचा डबा मारतो, विषय संपला". मला काय विषय एवढ्यावर संपतोय असं वाटत नाही. तुम्ही बाहेरचे पॉईंट कसे केलेत, कुठं चुकलं, सगळं लिवा. फसलेले अनुभव आधी.

----

डबा आम्हीबी मारला होता भावा. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, शेडच्या मागं १६ अँपिअरचा पॉईंट काढला, डबा आयपी ६५ चा (धूळ-पाणी किती अडवतो त्याचा नंबर), चांगला महागातला. पहिल्याच जुलैत आत पाणी! दुकानदाराशी भांडून आलो की माल खराब दिलास म्हणून, आणि चूक आमचीच, वायर डब्यात वरनं घातलेली. पाऊस वायरीवरनं ओघळत सरळ आत जातोय, मग झाकणाचं रबर कितीबी भारी असू दे. आता वायर खालनं घेतलीय, ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) आवळून, आणि आत शिरायच्या आधी वायरीला खाली झोल दिलाय, पाणी तिथनंच थेंब थेंब गळून जातंय. अजून एक, डब्यावरचा तो नंबर झाकण बंद असतानाचा असतोय. तुम्ही चार्जरचा प्लग खोचून झाकण उघडं टाकून झोपणार, मग ६५ काय अन् ५५ काय. खोल झाकणाचा मिळतो, प्लग लावूनबी बंद होतो, तो घ्या. वायर तांब्याची, अडीच एमएमची. दीडची कुणी सुचवली तर १६ अँपिअरच्या पॉईंटला नको म्हणून सांगा.

----

भास नाही हो दादा, वहिनींना सांगा. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी वॉशिंग मशीन मागच्या परसात आहे, वर पत्रा. सासूबाई म्हणायच्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात, आणि आम्ही सगळे म्हणायचो तुमचं वय झालं, शुगर असेल. एक दिवस ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मी झाकण उघडलं आणि कळलं! प्लगला तीन भोकं होती, तिन्हीत पिन जात होती, बघणाऱ्याला सगळं ठीक. दुसऱ्या वायरमनला बोलावलं, त्यानं होल्डरमधला बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून बघितला तर पेटलाच नाही. प्लेट खोलली तर मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकाच्या मागं वायरच नव्हती. बारा वर्षं आम्ही त्या रिकाम्या भोकावर विसंबून. सासूबाईंनी नंतर वर्षभर ऐकवलं आणि आम्ही गप ऐकून घेतलं.

----

आमच्यात गोठ्याची गोष्ट. कडबा कुट्टीचं मशीन दावणीच्या लोखंडी पाईपाला टेकलेलं, पॉईंट बाहेरच्या खांबाला, वर नुसतं पोतं झाकलेलं. म्हैस पाण्यात तोंड घालायची आणि दचकून मागं सरायची, दूध कमी आलं, आम्ही डॉक्टर आणला, दृष्टबी काढली. मी रबरी चप्पल घालून फिरतोय त्यामुळं मला काय जाणवत नव्हतं, जनावराचे चारी पाय ओल्या जमिनीवर उघडे. शेवटी वडील अनवाणी गेले आणि ओरडलेच. वायर एका जागी सोललेली, तेवढंच. आता पॉईंट आडोशाला, मशीनला वेगळी अर्थिंग आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे जाणारा-येणारा करंट जुळला नाही, कुठं गळाला, की लाईट तोडणारी डबी.

----

वर आरसीसीबीचा विषय निघालाय म्हणून. लोक म्हणतात एमसीबी आहे की आमच्यात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या पुढं गेल्याशिवाय हलत नाही आणि माणसाला मारायला एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुष्कळ. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा बघून घ्या, १०० किंवा ३०० चाबी मिळतो, तो आपल्या कामाचा नाही. आमच्याकडं बसवला तर रोज पडायचा. वायरमननं आमच्या अपरोक्ष "त्रास देतोय" म्हणून बायपास करून टाकला, म्हणजे डबी भिंतीवर आणि आत काही नाही, आणि आम्ही निवांत! नंतर निघालं काय, तर गेटच्या दिव्याचा न्यूट्रल दुसऱ्याच लाईनवरनं घेतलेला, त्यामुळं जाणारा आणि येणारा करंट जुळतच नव्हता. न्यूट्रल वेगळा केला, पडायचा थांबला. त्याच्यावर टेस्टचं बटण असतंय, महिन्यातनं एकदा दाबायचं, पडला पाहिजे. आमच्या घरात हे काम धाकट्या पोराकडं आहे, त्याला लाईट घालवायला लई आवडतंय.

----

शाहूपुरी. २०१९ ला पुराचं कंबरेएवढं पाणी, २०२१ ला परत. पहिल्या वेळी गुडघ्याएवढ्या उंचीवरचे सगळे बाहेरचे प्लग गेले, दुसऱ्या वेळी मी वर घेतलेले वाचले. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, तिच्या हातभर वर पॉईंट. आणि खालच्या मजल्याचा नि बाहेरचा एमसीबी वेगळा, स्विच वरच्या मजल्यावर. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट, म्हणजे इशाऱ्याची, झाली की तो एमसीबी खाली पाडतो, धोक्याच्या ४३ ची वाट बघत नाही. पाणी उतरल्यावर मात्र लगेच चालू करू नका, चिखल आत बसलेला असतो.

----

सगळ्यांना धन्यवाद, मीच परत. सकाळी मेन बंद करून प्लेट खोलली. हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर होती, पण टेपनं गुंडाळून मागं सारलेली. वरनं वायर, झोल नाही, प्लेटमागच्या डब्यात एक मेलेली पाल. बायकोला दाखवलं, काही बोलली नाही. मंगळवार पेठेतल्या ताई सांगतायत तसा बल्ब लावून बघणारा वायरमन शनिवारी येतोय, तवर स्कूटर भावाकडं इथल्याच संभाजीनगरात चार्जिंगला.