पिल्लू आलं कुठून? जाब दुकानदाराला विचारायचा की ब्रीडरला?

वेताळटेकडी
पेट शॉपचा विषय निघाला की आपण पिंजऱ्यावर बोलतो. पिंजरा लहान, पाणी घाण, वास येतो वगैरे. आता कर्वे रस्ता, औंध, वाकड इकडची नवी दुकानं बघा. एसी, काच, चकचकीत फरशी, पिल्लाखाली निळा पॅड. नाव ठेवायला जागा नाही. फक्त एक विचारून बघा, की याची आई कुठे आहे? "बाहेरून येतात" एवढंच उत्तर मिळतं. बाहेरून म्हणजे कुठून, कोणाकडून, हे काउंटरवरच्या मुलाला माहीत नसतं आणि मालकाला सांगायचं नसतं.

माझं मत असं, की ब्रीडरकडे, म्हणजे पैदास करणाऱ्याकडे, आणि वाटेत प्राण्याचे जे हाल होतात त्याचाही जाब दुकानदाराने द्यावा. अमेरिकेत मोठ्या साखळी दुकानांना हॅमस्टर, गिनीपिग पुरवणाऱ्या फार्मांवर प्राणीहक्कवाल्यांनी छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. बोभाटा झाल्यावर दुकानांनी त्या पुरवठादाराशी व्यवहार तोडला आणि आम्ही नाही त्यातले म्हणून मोकळी झाली. नफा घेताना पुरवठादार आपला आणि जाब विचारला की तो परका, हे मला पटत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ चे, पेट शॉपचे २०१८ चे. दोन्हींत राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. मादी १८ महिन्यांच्या आत विणवायची नाही, ८ वर्षांनंतर नाही, जन्मभरात ५ वेळांपेक्षा जास्त नाही. आता काचेपलीकडचं पिल्लू बघून सांगा, त्याची आई कितव्यांदा व्यायली?

खडूस_आजोबा
आमच्या वेळी शेजाऱ्याची कुत्री व्यायली की पिल्लू फुकट मिळायचं, वर शेजारी चहा पाजायचा. चालू द्या.

पेठेतला_दुकानदार
ताई, मी या धंद्यातलाच आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्या गल्ल्यातले बहुतेक पैसे खाद्य, पट्टे, शॅम्पू, गोचिडाचं औषध यातून येतात. जिवंत माल ठेवतो तो लहान मुलं आईबापांना ओढत आत आणतात म्हणून. कुत्री मी ठेवतच नाही. बजरीगर, कॉकटील हे पक्षी, हॅमस्टर आणि थोडे मासे, एवढंच.

पक्षी दलाल आणतो. तो म्हणतो अमक्या गावचे, मी म्हणतो बरं. त्याच्यामागे कोण आणि त्याच्याही मागे कोण, हे बघायला मी शटर ओढून गावोगाव फिरू का? खोक्यात मेलेले निघाले तर तेवढे पैसे कापतो, याउपर माझ्या हातात काही नाही. आणि खरा धंदा आमच्याकडे राहिलाय कुठे? हिंजवडीच्या टू बीएचकेमध्ये दोन माद्या ठेवून व्हॉट्सॲपवर पिल्लं विकणाऱ्याला ना शॉप ॲक्ट, ना नोंदणी, ना पाटी. आम्ही रस्त्यावर दिसतो म्हणून आम्हाला धरायचं. आमच्यावर बोजा टाका, सगळा व्यवहार फोनवर जाईल, मग कोणाला जाब विचारणार?

चिंचेचं_झाड
दुकानदारसाहेबांशी सहमत. प्रत्येक गोष्टीला कायदा नको. शिवाय इथले निम्मे लोक रविवारी चिकन आणतात, त्या कोंबडीची आई कुठे आहे हे कोणी विचारतं का?

वेताळटेकडी
कोंबडीचा वेगळा धागा काढा, मी येते तिथे. एकीकडे चुकतं म्हणून दुसरीकडेही चुकू द्यायचं, असं नसतं.

@दुकानदार, राग बिलकूल नाही. उलट तुम्हीच एक महत्त्वाची गोष्ट सांगून गेलात. मेलेल्यांचे पैसे कापता, म्हणजे किती आले आणि किती मेले हे तुमच्या वहीत आहे. दर खेपेला आहे, दलालाच्या नावासकट आहे. मग "मागचं मला काय माहीत" हे कसं? कोणाच्या खोक्यात जास्त मरतात हे पुण्यात तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. फक्त ते तुम्ही तोटा म्हणून लिहिता.

टाकीतला_मासा
हे माशांच्या बाबतीत तर शंभर टक्के खरं आहे. शोभेचे मासे पुण्यात बरेचसे बाहेरून येतात. चेन्नईचं कोळत्तूर, कोलकाता, मुंबई. पॅक करण्याआधी दिवस-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत विष्ठा कमी आणि अमोनिया कमी. मग पॉलिथिनमध्ये थोडं पाणी, वर ऑक्सिजन, रबरबँड, थर्माकोलचा खोका. हे नीट केलं तर मासा प्रवास झेलतो. पण भाडं वाचवायला एका पिशवीत दुप्पट भरले की खोका उघडल्या उघडल्या कळतं. पाणी दुधाळ, फेस आलेला, काही मासे तळाशी आडवे. दुकानदार त्याचा फोटो काढून पुरवठादाराला पाठवतो, पुढच्या बिलात तेवढे वजा. याला डीओए म्हणतात, डेड ऑन अरायव्हल. उरलेले अर्धमेले त्याच संध्याकाळी टाकीत आणि रविवारी गिऱ्हाइकाच्या घरी. आठवड्यात मेले की "तुमच्या पाण्यात क्लोरीन असेल."

आणि माशांचं नाव घेऊन केलेले नियमच नाहीत. २०१८ च्या नियमांतल्या पेट ॲनिमलच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर, पक्षी आहेत, मासा नाही. मत्स्यालयांच्या दुकानांसाठी २०१७ मध्ये वेगळे नियम काढले होते, बोंब झाली आणि मागे घेतले. बेटा जातीचा मासा बिचारा चटणीच्या डबीएवढ्या पाण्यात महिनाभर बसतो, त्याच्यासाठी वेगळा नियमच नाही.

नवीन_सदस्य_वाकड
विषय सोडून विचारतो, माफ करा. गोल्डन रिट्रीव्हर घ्यायचा आहे. एका ठिकाणी ४५ दिवसांचं पिल्लू सांगितलंय, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरसहित. घ्यावं का?

गुरांचा_डॉक्टर
विषय सोडून नाही, विषयाच्या मधोमध आलात. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. नियमाने ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही, म्हणजे ५६ दिवस. आपल्याकडे "४५ दिवसांचं" हे जाहिरातीत बिनदिक्कत लिहितात, जणू तेच प्रमाण आहे. ब्रीडरला घाई असते, कारण पिल्लू आईचं दूध सोडून बाहेरचं खायला लागलं की खर्च त्याचा. दुकानदाराला घाई, कारण लहान पिल्लू गोंडस दिसतं आणि लवकर विकलं जातं.

पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण याच आठवड्यांत ओसरायला लागते आणि लसीची अजून पुरती आलेली नसते. त्याच वेळी त्याला आईपासून तोडून, गाडीत घालून, पाच ठिकाणच्या पिल्लांबरोबर एका काचेत ठेवायचं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे ब्रीडरकडे किंवा वाटेत लागण झालेलं पिल्लू दुकानात उड्या मारत असतं आणि तुमच्या घरी येऊन रक्ताची हगवण करतं. दुकानदार शपथेवर सांगतो, आमच्याकडे ठणठणीत होतं. तो खोटं बोलत नसतो. म्हणूनच फक्त दुकान तपासून काही हाती लागत नाही, हा वेताळटेकडी यांचा मुद्दा मला वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर वाटतो.

केसीआयचा कागद वंशावळीचा असतो, आरोग्याचा नव्हे. पिल्लाला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख नंबराची चिप, आहे का ते विचारा. विकण्याआधी ती घालणं ब्रीडरला बंधनकारक आहे. "चिप नंतर बसवून देतो" म्हणाले तर उठा तिथून.

नवीन_सदस्य_वाकड
धन्यवाद डॉक्टर. ॲडव्हान्स दिलाय हो.

कोर्टाची_पायरी
कायद्याचं सांगते, दोन्ही बाजूंना थोडं लागेल.

आधी दुकानदारांना. पुरवठादार माहीत नसणं हा बचाव इतर धंद्यांत चालत नाही. अन्नसुरक्षा कायदा, २००६ चं कलम २७ बघा. कोणाकडून घेतलं हे ज्याचं सांगता येत नाही असा खाद्यपदार्थ विकला तर विक्रेता स्वतः जबाबदार. दिवाळीच्या तोंडावर धाड पडली आणि मिठाईवाला म्हणाला, "खवा बाहेरून येतो", तर बाकी काही सिद्ध करायची गरज नाही, तेवढ्यावर तो अडकतो. पावती दाखवली की प्रश्न खवा पुरवणाऱ्याकडे सरकतो. पिल्लाला खव्याइतकी तरी किंमत द्या, एवढीच मागणी आहे. २०१८ च्या नियमांतही प्राण्यांच्या खरेदी-विक्रीच्या, आजारपणाच्या, मृत्यूच्या नोंदी ठेवायच्याच आहेत. म्हणजे दुकानदार ज्याला तोट्याची वही म्हणतात ती खरं तर कायद्याची वही आहे.

आता वेताळटेकडींना. ब्रीडरने केलेल्या क्रौर्यासाठी दुकानदारावर फौजदारी लावा म्हणाल तर मी विरोधात आहे. माहिती नसताना, हेतू नसताना दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा याला, हे टिकणार नाही. आणि टिकलं तरी उपयोग काय? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. त्यापेक्षा नोंदणी रद्द होण्याची भीती आणि गिऱ्हाइकाला भरपाई, या दोन्हींनी माणूस सरळ येतो.

खडूस_आजोबा
५० रुपयांत अमृततुल्यमध्ये दोघांचा चहा आणि क्रीमरोल होतो. क्रौर्य स्वस्त आहे.

वेताळटेकडी
फौजदारीचा हट्ट माझा नाही. जाब म्हणजे तुरुंग असं मी म्हटलेलं नाही. स्रोत सांगता आला नाही तर विकता येणार नाही, एवढं झालं तरी पुष्कळ.

भूभूची_आई
तुम्ही सगळे चुकीच्या दारात उभे आहात. विकायचेच कशाला? रस्त्यावर इतकी कुत्री आहेत, शेल्टर भरलेत, दत्तक घ्या. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानात किंवा दलालामार्फत विकायला बंदी आहे. जिथे जन्मलं तिथे जाऊन, आईसोबत बघून घ्यायचं. ल्युसी नावाची एक स्पॅनियल कुत्री वेल्समधल्या पपी फार्मवरून सोडवली होती, तिच्या नावाने तो कायदा ओळखतात. फ्रान्सने २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरं विकणं थांबवलं. मधला माणूसच काढून टाका, जाबाचा प्रश्न मिटला.

चिंचेचं_झाड
आणि त्याच २०२० मध्ये कोविडमुळे मागणी वाढली आणि इंग्लंडात बाहेरच्या देशांतून पिल्लांचा पूर आला. बंदीने दलाल मरत नाही, तो फक्त पाटी काढतो.

भूभूची_आई
म्हणून चोरी होते तर चोरीचा कायदा रद्द करा.

कोर्टाची_पायरी
भांडू नका. पण चिंचेचं झाड यांचा मुद्दा आपल्याकडे जास्त लागू आहे. भारतीय पोपट पाळणं, विकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी पोपट मिळतोच. दुकानात नाही मिळाला तर दुकानाबाहेर मिळतो.

पेठेतला_दुकानदार
दोन दिवस लग्नात होतो, आता वाचलं. खव्याचं उदाहरण लागलं, खोटं कशाला बोलू. पण खवेवाल्याकडे पावती असते, माझा दलाल पावती देत नाही. मागितली तर माल समोरच्या दुकानात टाकेल. मग मी नियमात आणि समोरचा धंद्यात.

आणि तपासायला कोण येणार? पशुसंवर्धनचं आयुक्तालय इथेच, औंधला आहे. नोंदणीचे कागद घेऊन गेल्यावर मला परत पाठवलं ते सोडा, पण दुकान बघायला आजवर कोणी आलेलं नाही. ताई म्हणतात ते सगळ्यांना एकदम लागू होणार असेल तर मी तयार आहे. पहिला नंबर माझा नको.

कुत्र्यांना चिप आहे, ठीक. चिपचा १५ आकडी नंबर आणि ब्रीडरचा नोंदणी क्रमांक बिलावर छापा, यात अवघड काहीच नाही, जे कुत्री विकतात त्यांनी करावं. पण माझ्या चार-पाचशेच्या बजरीगरच्या जोडीला काय लावू? आणि हॅमस्टरला?

टाकीतला_मासा
पक्ष्यांना कडं असतं ना. बंद कडं, जोड नसलेलं. पिल्लू काही दिवसांचं असताना पाय लहान असतो तेव्हाच सरकवता येतं, मोठ्या पक्ष्याला नंतर घालता येत नाही. त्यावर पैदास करणाऱ्याचा कोड आणि वर्ष. म्हणजे पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला, पकडून आणलेला नाही, हेही कळतं. चांगले ब्रीडर घालतात.

वेताळटेकडी
मग झालं की. हॅमस्टरला निदान खोक्यावर पुरवठादाराचं नाव, पत्ता आणि किती आले, किती मेले. तुमच्या वहीतलंच पान, फक्त दुकानात टांगायचं.

पेठेतला_दुकानदार
किती मेले ते दुकानात टांगू? ताई, धंदा करायचाय मला.

वेताळटेकडी
त्याच आकड्याला दलालही घाबरेल, म्हणून तर म्हणते. कड्याचे पक्षी वेगळे ठेवून बघा. भाव काय लावाल सांगा, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

गुरांचा_डॉक्टर
मीही टाकतो. पण आल्यावर आठवडाभर वेगळे ठेवा, मगच विका.

पेठेतला_दुकानदार
आठवडाभर दाणापाणी कोणाचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. जोडीमागे दीडशे-दोनशे जास्त पडतील असा अंदाज आहे, पण आधी दलाल कडं घातलेले आणतो का ते बघू दे. मागे एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, शेठ, एवढ्याशा पायात कडी घालत बसायला माणूस कुठून आणू.