अल्झायमरवर ‘नॅनो’ इंजेक्शन: बाबांसाठी पैसे भरू का?

कृष्णाकाठ (कराड)

बाबा ७४ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. पाटण मार्गावरचे सगळे थांबे ओळीने म्हणून दाखवतात, पण परसदारी गेले की घरात परत कुठून यायचं ते समजत नाही. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. डोनेपेझिलने पोट फार बिघडायचं म्हणून आता रिव्हास्टिग्मिनचा पॅच आहे आणि सोबत मेमँटिनची गोळी.

घरच्या ग्रुपवर बातमी आली: बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी नॅनोकणांची तीन इंजेक्शनं देऊन अल्झायमर उलटवला. त्याच आठवड्यात एका ओळखीच्यांनी मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकचं पत्रक आणून दिलं. ‘सुवर्ण नॅनो थेरपी’, सहा इंजेक्शनं, तीन लाख ऐंशी हजार, निम्मे आगाऊ. फोन केला तर म्हणाले, “तेच तंत्रज्ञान आहे, लवकर सुरू केलेलं बरं.” आईने पाटल्या काढून कपाटात वेगळ्या ठेवल्यात. मला काही म्हणाली नाही, पण मी पाहिल्या.

बातमी खरी आहे का? आणि हे क्लिनिकवाले देतात ते तेच का? येत्या सोमवारपर्यंत ठरवायचंय.

—

अणुरेणू (पुणे)

दादा, आधी उत्तर देते, कारणं मागून. पैसे भरू नका. पाटल्या आईंच्या हातात परत घाला.

औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करताना मी पाच वर्षं मेंदूत औषध पोचवणाऱ्या मेदकणांवर काम केलं. तुमची बातमी खरी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये बार्सिलोनाची आयबेक ही संस्था आणि चीनमधलं वेस्ट चायना हॉस्पिटल यांच्या संशोधकांनी तो शोधनिबंध प्रसिद्ध केला. काम सुंदर आहे, मी दोनदा वाचलं. पण ते उंदरांवरचं आहे.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं आत जातच नाहीत. १८८५ मध्ये पाउल एर्लिखने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला, तर सगळे अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. तेव्हापासून आम्ही सगळे त्याच दारापाशी उभे आहोत. मी चमकणारे कण टोचून उंदरांची छायाचित्रं काढायचे. यकृत आणि प्लीहा दिव्यासारखे उजळायचे, मेंदूच्या जागी काळोख. ‘नॅनो’ म्हणजे बारीक, आणि बारीक म्हणून मेंदूत शिरतं, असं पत्रकवाले सांगतात. तसं होत नाही. टोचलेले कण आधी यकृतच उचलून घेतं.

बार्सिलोनावाल्यांनी काय केलं ते बाबांच्या भाषेत सांगते. या आजारात मेंदूत कचऱ्यासारखं साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन बाहेर रक्तात नेऊन सोडणारी एक ‘गाडी’ त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असते, एलआरपी१ नावाचं प्रथिन. म्हातारपणी आणि या आजारात गाड्या कमी होतात. प्रवाशाने गाडीला फार घट्ट धरलं, तर पेशी ती गाडीच मोडीत काढते. फार सैल धरलं तर ती हलतच नाही. यांनी कणांवर असे हात बसवले की पकड मध्यम राहावी. गाडी पलीकडे जाते आणि परत फेरीला येते. म्हणजे इथे कण नुसता औषधाचा डबा नाही, तोच औषध आहे. तासाभरात मेंदूतलं अमायलॉइड ५० ते ६० टक्क्यांनी उतरलं. माणसाच्या साठीशी जुळणाऱ्या १२ महिन्यांच्या उंदराला दिलं आणि सहा महिन्यांनी तपासलं, तर तो निरोगी उंदरासारखा वागत होता.

आता कठीण भाग. त्या उंदरांना माणसाची सदोष जनुकं घालून अमायलॉइड साचायला लावलेलं असतं. माणसाच्या या आजारात पेशींच्या आत होतात तशा टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी त्यांच्यात नसतात, आणि आपल्या माणसांच्या मेंदूतल्या पेशी जशा मरतात तशा त्यांच्या मरत नाहीत. कचरा काढला की उंदीर सावरतो, कारण आतलं घर शाबूत असतं. माणसातही कचरा काढून पाहिलाय. लेकानेमॅब हे औषध, नॅनो नव्हे, अँटिबॉडी, म्हणजे अमायलॉइडला चिकटून ते काढायला लावणारं प्रथिन. १,७९५ रुग्ण, १८ महिने. अमायलॉइड खूप उतरलं, पण आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर फरक पडला ०.४५ गुणांचा. घसरण २७ टक्के मंदावली, थांबली नाही. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली. तेही आजार अगदी सुरुवातीला असलेल्या लोकांत.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. माझ्या मामीला हाच आजार होता.

क्लिनिकला एकच विचारा: सीटीआरआय क्रमांक द्या. भारतात २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची त्या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते आणि ती कुणालाही संकेतस्थळावर पाहता येते. शिवाय खऱ्या चाचणीत रुग्णाकडून प्रायोगिक औषधाचे पैसे घ्यायचे नसतात. मराठीत संमतीपत्र देतात, नैतिकता समितीचा संपर्क देतात. आगाऊ निम्मे कोणी मागत नाही.

—

शेवंती (नाशिक)

सोन्याबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरात ते दीड वर्ष बोललं गेलं. माझ्या यजमानांना एएलएस होता, स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. हातापासून सुरू झाला, मग गिळणं गेलं.

सोन्याच्या नॅनोकणांचं एक खरं औषध चाचणीत आहे: सीएनएम-एयू८. पेशीला ऊर्जा तयार करायला मदत करावी अशी त्यामागची कल्पना. ते टोचत नाहीत, पाण्यात तरंगत असतं आणि रोज प्यायचं असतं. पत्रकावर इंजेक्शन लिहिलंय ना? तिथेच ओळखा.

अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने चालवलेल्या हीली चाचणीत ते घेतलं होतं. निकाल ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. मुलाने मोठ्याने वाचून दाखवला. २४ आठवड्यांत आजाराचा वेग कमी झाला का, हा मुख्य प्रश्न होता आणि उत्तर ‘नाही’ आलं. ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले असं कंपनीने सांगितलं, पण तो मुख्य निकष नव्हता. यजमानांना तेव्हा बोलता येत नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, “पुढच्यांना होईल.” ती पाटी माझ्याकडे आहे.

आम्ही वाचवलेले पैसे रात्रीच्या बाईंवर खर्च केले. मला झोप मिळाली, म्हणून मी त्यांच्याशी शेवटपर्यंत नीट वागू शकले.

—

कृष्णाकाठ (कराड)

दोघींचंही वाचून आईला दाखवलं. फोन केला. सीटीआरआय म्हटल्यावर ते म्हणाले, “ते संशोधनाला लागतं, आमची सिद्ध थेरपी आहे.” मी आगाऊ भरत नाही म्हणून सांगितलं.

अजून दोन गोष्टी. आमच्या काकांचं म्हणणं, सुवर्णभस्मातही नॅनोकण असतात, मग ते द्यावं का? आणि पॅच घामाने सुटतो, नाहीतर बाबाच उपटून टाकतात. काय करू?

—

अणुरेणू (पुणे)

भस्मात सोन्याचे नॅनो आकाराचे कण सापडलेत हे खरं. पण कणाचा पृष्ठभाग, घडण, मात्रा बदलली की तो वेगळाच पदार्थ होतो. शेवंतीताईंनी सांगितलेलं औषध आणि भस्म एक नव्हेत. अल्झायमरसाठी मी तरी देणार नाही, आणि काका देणारच असतील तर बाबांच्या डॉक्टरांना आधी सांगा.

पॅचचं: पाठीच्या वरच्या भागात लावा, तिथे त्यांचा हात पोचत नाही. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, तेल-पावडर न लावता. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. जुना काढल्याशिवाय नवा लावू नका, दोन राहिले तर उलट्या होतात, नाडी मंदावते. रोज जागा बदला, तीच जागा १४ दिवस पुन्हा नको. कॅलेंडरवर पाठीचं छोटं चित्र काढून खुणा करा.

आणि परसदाराला आतून वर, उंचावर एक कडी बसवून घ्या. घरातल्या सगळ्यांना ती कुठे आहे ते माहीत असू द्या.

—

कृष्णाकाठ (कराड)

कडी उद्या बसवतो. आज पॅच पाठीवर लावला, संध्याकाळपर्यंत टिकलाय. लावताना बाबांनी विचारलं, “तिकीट काढलं का?” आई म्हणाली, “काढलं, दोन.”