मदत हवी आहे: घरात दिवे-पंखे बसवायची मजुरी किती? दोन वायरमन, दोन हिशोब

मंडळी, नमस्कार. थोडं लांब लिहितो आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही अंदाज देता येणार नाही.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. जुनं धाब्याचं घर पाडून त्याच जागेवर चार खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. स्लॅब टाकतानाच पाइप टाकून घेतले होते. दिवाळीच्या आधी एका वायरमनने वायर ओढून दिली आणि तो पुण्याकडे कामाला निघून गेला. आता रंगही झाला आहे. प्रत्येक खोलीत छतातून वायरींची टोकं लोंबत आहेत, भिंतीत बोर्डांचे रिकामे डबे आहेत. दिवे, पंखे आणि बोर्ड बसले की अक्षय्य तृतीयेला राहायला जायचं.

सामान मी अकोल्याहून आणून ठेवलं आहे. बैठकीत चार गोल पॅनल, खोल्या आणि सयपाकघर मिळून सहा ट्यूब, न्हाणी, संडास आणि देवघरात एकेक बल्ब, बाहेर चार दिवे (फाटकाच्या खांबांवर दोन, गोठ्यात एक, जिन्यावर एक). शिवाय ताईने बैठकीसाठी पाच बल्बांचं झुंबर दिलं आहे. हे झाले अठरा दिवे. वर चार पंखे, आणि नऊ बोर्ड.

गावातल्या वायरमनला विचारलं. तो घरभर एक चक्कर मारून म्हणाला, "नऊ हजार, सारं मिळून." कागद नाही, फोड नाही.

दर्यापूरहून दुसरा बोलावला. त्याने वहीच्या पानावर लिहून दिलं. पॅनल १२० रुपये नग, ट्यूब १००, बल्ब-होल्डर ६०, बाहेरचा दिवा २००, पंखा २००, झुंबर ७००. म्हणजे दिवे-पंख्यांचे ३,५६०. नऊ बोर्डांचे प्रत्येकी २५० प्रमाणे २,२५०. एमसीबीची (जास्त भार झाला की लाइन तोडणाऱ्या बटनांची) पेटी बसवून जोडायचे १,२००. इथपर्यंत ७,०१०. मग पान उलटून त्याने खाली लिहिलं: अर्थिंगचा (गळका करंट जमिनीत सोडायचा) खड्डा सामानासकट ४,५००, हिरवी वायर ओढायची मजुरी १,५००. एकूण १३,०१०.

हिरवी वायर कसली, म्हणून विचारलं. त्याने एका डब्यातली वायर बोटाने बाहेर ओढून दाखवली. लाल (फेज, करंट येतो ती) आणि काळी (न्यूट्रल, परत जातो ती), दोनच. वायर ओढून पुण्याला गेलेल्या माणसाने अर्थिंगची वायर घरात कुठेच टाकलेली नाही. घर बांधताना मी रोज तिथे उभा होतो, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटतं.

गावातल्या वायरमनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अर्थिंग कायले पाह्यजे भाऊ? अर्थच्या पिनचं न्यूट्रललेच जोडून देतो, चालते मस्त."

आता खरी अडचण. दोन उन्हाळ्यांमागे जुन्या घरी आई कूलरमध्ये पाणी टाकत होती. लोखंडी कूलर, खाली ओली जमीन, पंपाची वायर कुठेतरी सोललेली. तिला करंट लागला आणि ती मागे फेकली गेली, म्हणून वाचली. हाताला चिकटली असती तर काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही. तेव्हापासून आई कूलरचं बटन पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) वाळल्या काडीनेच दाबते. काडी कूलरच्या वर ठेवलेली असते, तिला कोणी हात लावायचा नाही. झुंबराचं कौतुक चाललं होतं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आंदी त्या कूलरचा करंट बंद कर, मंग लाव तुहं झुंबर."

दोघांच्या हिशोबात चार हजारांचा फरक आहे. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० धरला, तर अर्धा क्विंटल कापूस झाला. घरात सगळा पैसा ओतून झाल्यावर हा अर्धा क्विंटलही जड जातो. म्हणून विचारतो:

तुमच्याकडे नुसते दिवे-पंखे लावायचे काय घेतात? दर्यापूरवाल्याचे भाव वाजवी आहेत का? न्यूट्रलला जोडून खरंच चालतं का? आणि झुंबराचे ७०० कशाचे?

प्रतिसाद (अकोला जिल्हा)

दादा, मी आयटीआय करून सहा वर्षं हेच काम करतो. आधी एक शब्द सोडवून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच आहे. आम्ही "पॉइंट" म्हणतो तेव्हा बोर्डापासून दिव्यापर्यंतची वायर, बटन आणि होल्डर, सगळं त्यात येतं. "लावणी" म्हणजे तयार वायरीला दिवा जोडून छताला कसणं. तुमची वायर ओढलेली आहे, म्हणजे तुम्हाला लावणीचा भाव पाहिजे. गावातला माणूस बहुतेक पॉइंटच्या हिशोबाने नऊ हजार म्हणाला असेल. त्याला विचारा, "वायर तर ओढलेली आहे, मग नऊ हजार कशाचे?" बऱ्याचदा तिथेच दोन हजार उतरतात.

दुसऱ्या बाजूने मोजून पाहा. आमच्याकडे वायरमनची हजेरी ९००, हेल्परची ५००. वायर मोकळी असेल तर बावीस नग आणि नऊ बोर्ड दोघांचं तीन दिवसांचं काम, पेटी धरून चौथा दिवस. चार दिवसांचे ५,६०० होतात. त्याने ७,०१० सांगितले, त्यात ड्रिल त्याचं, येणं-जाणं त्याचं. मला तरी जास्त वाटत नाही. पण गिट्ट्या (स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या), स्क्रू, टेप आणि घोडा (उभी शिडी) कोणाचा, हे आधीच बोलून घ्या. शेवटच्या दिवशी ह्याच बारक्या गोष्टींवरून वाद होतो.

झुंबराचे ७०० त्याच्या वजनाचे आहेत. पाच हात जोडायचे, पाच होल्डरची वायर एकत्र करायची, आणि एकाने धरून दुसऱ्याने कसायचं. स्लॅबमध्ये पंख्याचा हूक ठेवला असेल तर झुंबर त्यालाच टांगा. सगळा भार हूकवर आला पाहिजे, वायर सैल राहिली पाहिजे. नुसत्या गिट्टीवर टांगू देऊ नका.

प्रतिसाद (वर्धा जिल्हा)

आमच्या गावात गेल्या महिन्यात ट्यूब ८० आणि पंखा १५० ने लावला. पण तो गावातलाच पोरगा आहे, पेट्रोल लागत नाही. बाहेरच्या दिव्यांना २०० ठीक आहेत, शिडीवर उभं राहून भोकं पाडायची आणि पाणी जाऊ नये म्हणून वरून बंद करायचं.

प्रतिसाद (निवृत्त वायरमन, अमरावती)

बाळा, तुमचा धागा वाचून लगेच लिहायला बसलो. न्यूट्रलला अर्थ जोडून "चालते" असं जो म्हणतो, त्याला बोर्ड उघडूच देऊ नका.

का ते सांगतो. कूलरचं लोखंडी अंग त्या पिनमधून न्यूट्रलला जोडलं गेलं. जोवर न्यूट्रल धडधाकट आहे तोवर काही कळणार नाही. पण खांबावरचा न्यूट्रल तुटला किंवा पेटीत सैल झाला, तर घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांमधून फेज परत न्यूट्रलमध्ये येतो आणि तिथून थेट कूलरच्या पत्र्यावर. पंपाची वायर सोललेलीही नसली तरी कूलर मारेल. वाऱ्या-वादळात न्यूट्रल तुटणं आपल्याकडे नवं आहे का? आणि कूलरचे दिवस आणि वादळाचे दिवस एकच असतात.

तुमचा पट्टा खारपाणाचा. त्याचा एक फायदा आणि एक तोटा. खारट काळ्या मातीतून वीज चांगली जाते, त्यामुळे अर्थिंग सहज चांगली मिळते. पण तीच माती लोखंड खाते. साधा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप टाकला तर काही वर्षांत गळून जातो आणि वरून कोणाला दिसत नाही. तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या, अडीच ते तीन मीटर लांब. आणखी एक: उन्हाळ्यात ह्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती रॉडपासून सुटते. म्हणून खड्डा न्हाणीचं किंवा धुण्याचं पाणी जातं त्या बाजूला घ्या, वर झाकणाचा चेंबर ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोन बादल्या ओता. रॉडचा भाव दुकानात विचारून ४,५०० वर थोडं घासाघीस करा, पण हे कलम खोडू नका.

आणि पेटीत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी घ्या. एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवते ती आरसीसीबी. करंट अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत जायला लागला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. तिच्यावर "टी" लिहिलेलं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

बावीस दिवे-पंखे एकाच एमसीबीवर नकोत. आमच्या वेळचा नियम, एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नाहीत आणि ८०० वॅटच्या आत. तुमचे एलईडी आणि पंखे मिळून भार तसा कमीच भरेल, पण नग जास्त आहेत. तीन भाग करा. एका भागात बिघाड झाला तर सगळं घर अंधारात जाणार नाही.

प्रतिसाद (यवतमाळ जिल्हा)

भाऊ, एक अनुभव सांगते. आम्ही दुकानदाराच्या "सगळा माल आमच्याकडून घ्या, फिटिंग फुकट" ह्या बोलण्यावर गेलो. माणूस आला, एका दिवसात सगळं लावून गेला. पहिल्या पावसात बाहेरचे दोन दिवे पाण्याने भरले. भोकं दिव्याच्या वरच्या अंगाने पाडली होती, खालून नाही. दुकानदार म्हणाला, फिटिंग फुकट होती, तिची जबाबदारी नाही. तुमचे बाहेरचे चार लावताना जवळ उभे राहा. वायर दिव्यात खालच्या बाजूने शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला थोडा खाली झोल पाहिजे, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

आणि पॅनलची पक्की बिलं जपून ठेवा. आमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होऊन दोन पॅनल वर्षाच्या आत गेले होते, बिल होतं म्हणून बदलून मिळाले. वायरमनला मजुरीचा कागदही मागा, नुसत्या वहीच्या पानावर सही असली तरी चालते.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला.

काय केलं ते सांगतो. गावातल्या वायरमनकडे परत गेलो. भांडलो नाही, कारण उद्या रात्री अकरा वाजता लाइन गेली तर धावून येणारा तोच आहे. "वायर ओढलेली आहे, मग नऊ हजार कशाचे?" एवढंच विचारलं. तो पॉइंटचाच भाव धरून बोलला होता, अकोल्याच्या दादांनी ओळखलं तसंच. दिवे, पंखे आणि बोर्ड मिळून ५,५०० ला तयार झाला, गिट्ट्या-स्क्रूसकट, आणि कागदावर लिहून दिलं.

पेटी, अर्थिंग आणि हिरवी वायर मात्र दर्यापूरवाल्याकडेच दिली. त्याच्याकडे परवाना आहे, तो मी पाहिला. रॉड तांब्याच्या मुलाम्याचा घेतल्याने ४,५०० चे ५,२०० झाले. त्यात पेटीचे १,२०० आणि वायर ओढायचे १,५०० धरून त्याचे ७,९००. हिरव्या वायरचं बंडल आणि आरसीसीबी मी वेगळी आणली. म्हणजे मजुरी आणि अर्थिंग मिळून १३,४००, आधीच्या १३,०१० पेक्षा थोडं वरच, पण पैसा कुठे जातो ते आता माहीत आहे.

हिरवी वायर ओढताना दोन ठिकाणी पाइप चोक निघाला. सयपाकघराच्या बोर्डाकडे सिमेंटचा गोळा अडकला होता, तिथे रंगवलेली भिंत वीतभर फोडावी लागली. त्याचे त्याने वेगळे घेतले नाहीत.

मग खड्डा झाला, न्हाणीच्या मागच्या अंगाला. शेवटी त्याने शंभर वॅटचा बल्ब एकदा फेज आणि न्यूट्रलवर लावून दाखवला, मग फेज आणि अर्थवर. दुसऱ्या वेळी बल्ब पुरता पेटायच्या आत पेटीतली आरसीसीबी खटकन पडली, म्हणजे तिने लाइन तोडली. तो म्हणाला, हेच पाहिजे होतं. मग तिला वगळून परत लावला, तेव्हा दोन्हीकडे उजेड सारखाच.

संध्याकाळी कूलर नव्या घरात आणून जोडला. पंपाची वायर बदलली होती. मी ओल्या जमिनीवर उभं राहून पत्र्याला हात लावून दाखवला. आईने पाहिलं, जवळ आली, पत्र्याला बोट लावलं. बटन मात्र तिने पऱ्हाटीच्या काडीनेच दाबलं.

एक विचारायचं राहिलं. बोअरची मोटार सुरू केली की कधी कधी आरसीसीबी पडते. रोज नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा. मोटार जुनी आहे, केबलला मध्ये दोन जोड आहेत. काका, जोड काढून केबल एकसंध घ्यावी की आधी मोटार वर काढून तपासावी? मोटार वर काढायची मजुरी तुमच्याकडे काय आहे, तेही कोणी सांगा.